बाईसाहेब मधल्या मजल्यावर

बाबांच्या शेवटच्या फेरीत बाईसाहेब डाव्या पायाने लंगडत होत्या. आदल्या दिवशी त्यांनी उजवा धरला होता. हे मी बाबांच्या नजरेस आणून दिलं.

"दुखणं फिरतं असतं," बाबा म्हणाले आणि खाली बसून डावा पाय दाबून पाहू लागले.

बाईसाहेब म्हणजे आमची गाढवीण. कुणीतरी तिला आमच्या फाटकाला बांधून निघून गेलं होतं, तेव्हा तिच्या खुरात खिळा होता. खिळा निघाला, जखम भरली, खूरसुद्धा वाढून नवा झाला, तरी ती लंगडायची थांबली नाही. म्हणजे बाबा दिसले की लंगडायची. बाबा बाजारात गेले की ती कुंपणाच्या कडेने अशी उधळायची की मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघतच राहायचे. मग फाटकाची कडी वाजायची, आणि बाईसाहेब जागच्या जागी थांबून एक पाय उचलून धरायच्या. कोणता, ते ऐन वेळी ठरायचं.

बाबा जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी शहराबाहेर हा तुकडा घेतला. त्याला शेत म्हणणं म्हणजे मांजराला वाघ म्हणणं. ते शेताचं पिल्लू होतं, आणि तेही अशक्त. भाजी लावायचा बेत होता. पण पहिल्याच हंगामात शेजारच्याने एक खोकणारा बोकड 'जरा ठेवून घ्या' म्हणून आणून दिला, आणि एकदा का माणूस नाही म्हणत नाही असं कळलं की लोक ऐकतात थोडेच. बोकड कुणी काही बोलण्याआधी घसा खाकरायचा म्हणून त्याचं नाव वकील. मान वाकडी असलेलं एक बदक आलं; ते सतत आभाळाकडे बघत काहीतरी आठवत असल्यासारखं दिसायचं, ते मास्तर. पिसं झडलेली एक कोंबडी आली, तिला माझ्या आत्याने लोकरीची बंडी विणून दिली. पिसं परत आली, तरी कोंबडी बंडी उतरवू देईना. तिला आम्ही थंडीबाई म्हणायचो.

नाव फक्त आजाऱ्यांना मिळायचं. आमच्याकडे एक कुत्राही होता, काळा, तुकतुकीत, त्याच्या जन्मात त्याला साधी शिंक आली नव्हती. त्याला आम्ही कुत्रा म्हणायचो. बाबांचा दुसरा नियम असा की आजाऱ्याशी बोलायचं ते 'अहो' म्हणून. "बाईसाहेब, पाय देता का जरा? वकीलसाहेब, आ करा." धडधाकट असतील त्यांना अरे-तुरे. एकदा मी कारण विचारलं, तर म्हणाले, आजारी माणसाला मान द्यायचा असतो आणि धडधाकट माणसाला काम.

मला हे लहानपणीच कळलं होतं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा मी शाळेत होते. तोवर बाबा तिला चारचौघांसारखं 'अगं' म्हणत. ती पडल्यापासून 'तुम्ही' म्हणू लागले. उशी सरकवू का तुमची, खिडकी लावू का. तिची वेणी घालायलाही ते शिकले. लिफ्टच्या दोरांना घालतात तसा घट्ट पीळ घालायचे आणि आई हसायची. आई गेली तोपर्यंत मी कॉलेजात पोचले होते, आणि या सगळ्या वर्षांत मी एकदाही आजारी पडले नाही. घरात आजारी माणसाची एकच जागा होती आणि ती भरलेली होती.

फेरी रोज संध्याकाळी निघायची. बाबा लिफ्ट कंपनीचा जुना निळा डगला चढवायचे, एका खिशात साखर, दुसऱ्यात चमचा, गळ्यात स्टेथोस्कोप. स्टेथोस्कोपची एक नळी बुजलेली होती. एका कानाने जनावर ऐकायचे, दुसऱ्याने मी काय म्हणते ते. औषध आधी स्वतः घ्यायचे, भरपूर तोंड वाकडं करायचे, "फार कडू आहे हो बाईसाहेब, पण घ्यावं लागणार" म्हणायचे, आणि मग दुसरा चमचा बाईसाहेबांना. त्याशिवाय त्या तोंड उघडत नसत.

सगळ्यांचं झालं की ते गोठ्यात उपड्या बादलीवर बसून बराच वेळ हलक्या आवाजात बोलायचे. वाचनालयातली नोकरी करून मी घरी आलेली असायचे, पोळ्या लाटत ती कुजबुज ऐकायचे. शब्द लागत नसत. काय बोलता एवढं, म्हणून एकदा विचारलंच.

"माझी दुखणी सांगतो," ते म्हणाले.

ही लिफ्टची विद्या होती. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली की आतला माणूस घाबरतो, दार ठोकतो, उड्या मारतो, आणि त्या धक्क्यांनी लिफ्ट आणखीच पक्की अडकते. म्हणून हत्याराला हात लावण्याआधी दाराशी बसायचं आणि बोलायचं. पहिलं वाक्य ठरलेलं: मी इथेच बसलोय, तुम्ही कुठे जाऊ नका. यावर आतल्या माणसाला हसू किंवा राग काहीतरी यायचंच. पण काळजी करू नका असं चुकूनही म्हणायचं नाही.

"काळजी करू नका म्हटलं की माणूस म्हणतो, म्हणजे काळजीसारखं काहीतरी आहे. त्यापेक्षा आपलं दुखणं सांगावं. माझी दाढ ठणकतेय हो, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. मग तो आतून विचारतो, कुठली दाढ? लवंग धरली का? झालं. आता अडकलेला मी, आणि बाहेर तो. तोवर आपण पाना काढायचा."

मला मात्र त्यांनी त्यांचं दुखणं कधी सांगितलं नाही. मी अडकलेली नव्हते.

फेरीचा शेवटचा थांबा म्हणजे स्वयंपाकघराचं दार. तिथे बसून ते बूट काढायचे आणि मान वर न करता विचारायचे, "आणि तुला काय धाड भरलीय?"

या प्रश्नात उत्तराची सोय नव्हती. "काही नाही," मी म्हणायचे. "शाब्बास," ते म्हणायचे. त्या संध्याकाळीही असंच झालं. भाजीत मीठ कमी पडलं होतं, ते त्यांनी वरून घेतलं. कुत्र्याला "हो बाजूला" म्हणाले. दुसऱ्या दिवशी वकीलसाहेबांच्या छातीला शेक द्यायचा होता, त्याची आठवण कर म्हणाले, आणि झोपले.

सकाळी चहा गार झाला तरी ते आले नाहीत म्हणून मी गोठ्यात गेले. ते बादलीवर बसले होते, पाठ भिंतीला टेकलेली, हनुवटी छातीवर. स्टेथोस्कोप कानात होता आणि त्याचं दुसरं टोक त्यांच्याच डगल्याच्या आत. बाईसाहेब शेजारी उभ्या होत्या. चारही पायांवर, सरळ, खांबासारख्या. इतक्या वर्षांत बाबांसमोर त्या अशा उभ्या राहिलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या.

लोक जमेपर्यंत त्या तशाच होत्या. बाबांना बाहेर आणलं तशा त्या मागोमाग आल्या, फाटकाच्या वाटेत मधोमध आडव्या झाल्या, आणि उठल्या नाहीत.

त्यामुळे भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आधी गाढवीण ओलांडावी लागे. उंच माणसं पाय टाकून यायची, बाकीचे झेंडूच्या वाफ्यातून वळसा घालायचे, आणि समोर येऊन उभे राहिले की पायाला लागलेला चिखल आधी पुसू की दुःख आधी व्यक्त करू, असं त्यांचं व्हायचं. जनावरांच्या डॉक्टरीणबाई बॅग घेऊन आल्या तेव्हा आमचे एक लांबचे काका उसासा टाकून म्हणाले, "आता काय उपयोग डॉक्टर, फार उशीर केलात." डॉक्टरीणबाईंनी त्यांची समजूत घातली नाही. बाबा स्वतःचं ब्लडप्रेशरही त्यांच्याकडूनच मोजून घेत, त्यामुळे काका अगदीच चुकले असंही नव्हतं.

मग शहरातून अनोळखी माणसं येऊ लागली. एक बाई माझा हात धरून बसल्या. तरुणपणी त्या सातव्या आणि आठव्या मजल्याच्या मध्ये अडकल्या होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "त्यांची ती खालची दाढ, शेवटी काढली का हो?"

मला माहीत नव्हतं. एका वकिलांना, खऱ्या वकिलांना, बाबांच्या पित्ताबद्दल सगळं ठाऊक होतं. एका शिंप्याला त्यांचा खांदा माहीत होता. बँकेतले दोघं एकत्र अडकले होते, त्यांनी उजव्या गुडघ्याची चौकशी केली, आणि मी गोंधळले तेव्हा एकमेकांकडे पाहून घेतलं: पोटची पोर, आणि गुडघा माहीत नाही. अर्ध्या शहराला बाबांचं दुखणं तुकड्यातुकड्याने पाठ होतं. माझ्या वाट्याला एकही तुकडा आलेला नव्हता.

"छातीबद्दल कुणाला बोलले होते का?" मी डॉक्टरीणबाईंना विचारलं.

त्यांनी वाटेतल्या गाढविणीकडे पाहिलं. "तिला माहीत असणार," त्या म्हणाल्या.

आत्या राहायलाच आली. बाबांची धाकटी बहीण. तिला भावाचाच चेहरा, भावाचाच आवाज, फक्त बोलणं दुप्पट. "तू एकटी कशी आवरणार एवढं इस्पितळ," असं म्हणत तिने सामान आत ठेवलं आणि लगेच गुडघे धरून खाटेवर बसली, म्हणजे इस्पितळात एकाची भर पडली. तिकडे वकील रात्रंदिवस खोकू लागला. मास्तर आभाळाऐवजी भिंतीकडे बघू लागले. थंडीबाईंनी अंडी देणं थांबवलं. आणि एके सकाळी कुत्रा लंगडत आला. मी त्याचे चारी पंजे तपासले, काटा नाही की कुसळ नाही. तो माझ्याकडे बघत होता, आणि त्याला या कामाचा सराव नसल्यामुळे मधूनच कोणता पाय ते विसरत होता.

"याला काय झालं?" आत्याने विचारलं.

"काही नाही. त्याला नाव हवंय," मी म्हणाले.

हे सगळं मी निभावून नेलं असतं. मी धडधाकट होते. सकाळी फेरी, मग वाचनालय, संध्याकाळी फेरी. पण बाईसाहेब खाईनात. भुशाला तोंड लावलं नाही, ओलं गवत पुढ्यात वाळून गेलं. मी बाबांच्या खिशातली साखर काढून तळहातावर धरली तेव्हा त्यांनी ती हुंगली आणि मान पलीकडे वळवली. बाबांच्या हातचं एवढंच काम माझ्याकडे उरलं होतं, आणि ते वाटेत आडवं पडून माझ्याकडे पाठ करत होतं.

डॉक्टरीणबाईंनी बाईसाहेबांना डोळ्यांपासून शेपटीपर्यंत तपासलं. "हिला काहीही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "पण अशीच पडून राहिली तर होईल. एवढ्या वजनाचं जनावर आडवं राहिलं की आतलं सगळं चेपतं. आज उद्यात उठली नाही, तर मग आपण उठवूनही उठणार नाही."

"औषध तरी घ्यायला हवं तिनं."

"कुठलं?"

मी बाबांची बाटली आणली. डॉक्टरीणबाईंनी बूच काढून हुंगलं आणि बाटली परत माझ्या हातात दिली.

"काडेचिराईताचं पाणी आहे. मीच देत होते भरून. अगं, त्या पायाला औषध लागतच नव्हतं."

"म्हणजे बाबांना माहीत होतं? ती ढोंग करते ते?"

"त्यांना सगळ्यांचं माहीत होतं. मी विचारलंही होतं, कशाला लाड करता म्हणून." त्या बॅग बंद करता करता थांबल्या. "म्हणाले, ती एवढे कष्ट घेऊन लंगडतेय, मला एक चमचा भरायला काय जातंय? म्हणाले, मागायला तोंड नसेल तर लंगडावंच लागतं."

मी बाटलीचं बूच लावलं. ते नीट बसत नव्हतं, म्हणून बराच वेळ लावत राहिले.

मग आत्याला कल्पना सुचली. तिने भावाचा निळा डगला घातला, स्टेथोस्कोप गळ्यात अडकवला, केस टोपीत कोंबले, आणि गुडघ्यांसकट ती बाबांसारखी चालत आली. मी दचकले. मास्तरांनी भिंतीवरची नजर काढली. वकील खोकायचा थांबला. आत्या बाईसाहेबांपुढे वाकली, चमचाभर काढा स्वतः प्यायली, आणि तिने असं तोंड केलं की ते केलेलं नसून झालेलं होतं.

"फार कडू आहे हो," ती बाबांच्या आवाजात म्हणाली, आणि तिच्याच आवाजात पुढे, "अगं बाई, हे काय विष आहे की काय."

बाईसाहेबांनी एक डोळा उघडला, तिला नखशिखांत न्याहाळलं, आणि मिटला. वकील मात्र पार फसला. त्या दिवसापासून तो आत्याच्या मागे मागे फिरू लागला आणि आत्यालाही ते आवडलं, पण तो पुढचा भाग.

मीही प्रयत्न केला. अहो म्हटलं, काढा प्यायले, बादलीवर बसले. पण माझा आवाज धडधाकट माणसाचा आहे. 'उठता का' असं मी म्हटलं तरी ते 'ऊठ'सारखंच ऐकू येतं.

शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उचलूया. गोठ्याच्या आढ्याला बाबांनी लोखंडी तुळई बसवली होती आणि तिला लिफ्टच्या दिवसांतली चेनकप्पी टांगलेली होती. साखळी ओढत गेलं की गच्च भरलेलं कपाटही एका माणसाला उचलता येतं. आम्ही तिघींनी बाईसाहेबांना ताडपत्रीवर घेऊन ओढत गोठ्यात नेलं. आत्याच्या म्हणण्याप्रमाणे नवी नवरीसुद्धा इतक्या कौतुकाने घरात येत नाही. पोटाखालून रुंद पट्टे घातले, पट्टे आकड्यात अडकवले, आणि मी साखळी ओढू लागले. खडखड खडखड करत बाईसाहेब जमिनीपासून सुटल्या. बेत असा होता की पाय सरळ झाले की हलकेच खाली टेकवायचं, आणि पट्ट्यांच्या आधाराने त्यांना उभं राहू द्यायचं.

बाईसाहेबांनी पाय सरळ केलेच नाहीत. त्यांनी चारही पोटाशी घेतले आणि त्या हवेत नुसत्या लोंबकळत राहिल्या. आपण उभं राहणार नाही हे त्यांनी जमिनीवरच ठरवलं होतं, आणि हवेत आल्याने त्यांचं मत बदललं नव्हतं. मास्तरांना वर बघायला शेवटी काहीतरी सापडलं.

"आता खाली घे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी उलटी साखळी ओढली. ती हलेना. जोर केला, तर वर कप्पीत काहीतरी कचकन अडकलं, पट्टे हिसकले, आणि तेव्हा बाईसाहेबांना पहिल्यांदा कळलं की खाली जमीन नाही. त्यांनी झाडायला सुरुवात केली. चारही पाय, मान, शेपूट. अख्खी तुळई करकरू लागली, त्या गरगर फिरू लागल्या, आणि प्रत्येक हिसक्यासरशी साखळीला आणखी एक पीळ बसत होता. त्यांचा ओरडा ऐकून कुत्रा तीन पायांचं नाटक विसरून चार पायांवर पळाला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अशाच झाडत राहिल्या तर पट्ट्यातून घसरून मानेवर पडतील. टोचायला औषध होतं, पण जवळ जाणार कोण, आणि बेशुद्ध केलं तर एवढ्या दिवसांच्या उपाशी जनावराला ते सोसेलच असं नव्हतं. वेल्डिंगवाल्याला आणते, साखळी कापायलाच लागेल, असं म्हणून त्या मोटारसायकलकडे धावल्या. "तोवर तिला शांत ठेव," जाता जाता म्हणाल्या. आत्याने डगल्याच्या बाहीने डोळे झाकले होते. मला हे बघवत नाही गं, असं म्हणत ती घरात गेली, आणि वकील तिच्या मागोमाग.

गोठ्यात मी आणि दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली गाढवीण उरलो.

मी बादली उपडी केली आणि लाथ बसणार नाही एवढ्या अंतरावर बसले.

"मी इथेच बसलेय," मी म्हणाले. "तुम्ही कुठे जाऊ नका."

बाईसाहेबांनी फिरता फिरता माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांचं पांढरं दिसत होतं.

पुढे काय करायचं ते मला माहीत होतं. दुखणं सांगायचं. पण मला दुखणं नव्हतं. दात धड, गुडघे धड, पित्त नाही, खांदा नाही. एवढी पुस्तकं वाचली, त्यातली माणसं पानापानाला कण्हत होती, आणि मला एक कण्हणं उसनं घेता येईना. तुळई करकरली. मी सुचेल ते बोलले.

"माझ्या अंगठ्याचं नख आत वाढतंय," मी म्हणाले.

लाथा थांबल्या नाहीत.

"खरंच वाढतंय. पावसाळी बूट घातले की टोचतं. चष्म्याचा नंबरही बदललाय बहुतेक, मी पुस्तकांच्या पाठीवरच्या चिठ्ठ्या हात लांब करून वाचते. डाव्या कुशीवर झोपलं की हाताला मुंग्या येतात." हे सगळं खरं होतं आणि मला नवीन होतं. मी जणू दुसऱ्या कुणाचीतरी तब्येत ऐकत होते. "टाळूवर एक जागा आहे, तिथे केस विंचरताना दुखतं. वजन उचललं की कमरेत चमक येते. तुम्हाला ताडपत्रीवरून ओढलं तेव्हाही आली. तुम्ही काही हलक्या नाही आहात."

एक कान वळला. फक्त एक, पण माझ्या दिशेने.

मी आवाज खाली आणला. ठरवून नव्हे, तो आपोआपच खाली आला. मी त्यांना सांगितलं की घास घशाशी येऊन थांबतो. की वाचनालयात एकच ओळ मी पुन्हा पुन्हा वाचते आणि मग पान उलटते, कारण कुणीतरी बघत असतं. की पहाटे जाग येते ती छातीवर कुणी हात ठेवल्यासारखी, आणि मग मी उठून भांडी घासते. लोक म्हणतात, हिने किती खंबीरपणे घेतलं. पुढचं पाऊल टाकता येतं म्हणून मी टाकते एवढंच, त्यात खंबीरपणा कुठला. की फेरी मी रोज पुरी करते, वकील, मास्तर, थंडीबाई, आता आत्याचे गुडघे, आणि शेवटी स्वयंपाकघराच्या दारात बसून बूट काढते. बूट काढून होतात, आणि फेरी तिथेच संपते. ती माझ्यापर्यंत येतच नाही.

करकर थांबलेली मला उशिरा कळली. बाईसाहेब हलत नव्हत्या. दोन्ही कान माझ्याकडे होते, पाय पोटापासून सुटून खाली लोंबत होते, आणि वरची साखळी आपला पीळ एकेक करत उलगडत त्यांना हळूहळू उलट्या दिशेने फिरवत होती. शेवटचा पीळ सुटला तेव्हा कप्पीत खट्‌ असा आवाज झाला. मी उठले. साखळी ओढून पाहिली, ती लोण्यासारखी आली. मी त्यांना थोडं थोडं खाली घेतलं. आधी मागचे खूर टेकले, मग पुढचे, मग पट्टे सैल पडले.

मी त्या कोसळायची वाट पाहत होते. त्या कोसळल्या नाहीत. माझ्यापुढे उभ्या राहिल्या, चारही पायांवर, सरळ, खांबासारख्या. डावा नाही, उजवा नाही. असं उभं राहिलेलं मी त्यांना याआधी एकदाच पाहिलं होतं, आणि तेव्हा बादलीवर मी नव्हते.

मी पुन्हा बादलीवर बसले. बाहेर लांबवर मोटारसायकलचा आवाज येत होता. बाईसाहेब एक पाऊल पुढे आल्या, माझ्या केसांत नाक खुपसून त्यांनी मला हुंगलं, टाळूवर, नेमक्या दुखऱ्या जागी, आणि नाक तिथेच ठेवून थांबल्या. त्यांना घाई नव्हती. भिंतीवर, जिथे बाबांनी पाठ टेकली होती तिथे, निळ्या डगल्याचा रंग थोडा घासून लागलेला होता. मी त्याकडे बघत होते.

"मला बरं वाटत नाहीये, बाबा," मी म्हणाले.